नावं अर्धवट का येतात: एसक्यूएल सर्व्हर २०२२ एक्सप्रेसचा रिव्ह्यू

लातूरच्या मार्केट यार्डात आडत दुकानासाठी कोणता डेटाबेस घ्यावा असं कुणी विचारलं, तर मी मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरची एक्सप्रेस आवृत्ती सांगते. फुकट मिळते, धंद्यासाठी वापरायलाही हरकत नाही, आणि अडलं तर जवळपास माहितगार माणूस सापडतो. २०२२ ची आवृत्ती मी आडत दुकानं, डाळमिल आणि पतसंस्था अशा तिन्ही प्रकारच्या ठिकाणी बसवली आहे. हा रिव्ह्यू मात्र सगळ्या बाजूंनी केलेला नाही, एकाच गोष्टीबद्दल आहे: मजकूर कापला जाणं. नाव, पत्ता, गाव, शेरा यांतलं काहीतरी स्क्रीनवर पूर्ण टाइप करायचं आणि पट्टीवर, म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या हिशोबाच्या कागदावर, अर्धं छापून यायचं. माझ्याकडे या एका तक्रारीचे जेवढे फोन येतात तेवढे दुसऱ्या कशाचे येत नाहीत, आणि डेटाबेस बसवून देणारा याबद्दल आधी चकार शब्द काढत नाही.

बाकीचं थोडक्यात सांगून टाकते. एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, मेमरी १,४१० एमबीपर्यंतच वापरली जाते, फार तर चार कोअर. ठरलेल्या वेळी आपोआप काम करणारा एजंट एक्सप्रेसमध्ये नाही, त्यामुळे रात्रीचा बॅकअप विंडोजच्या टास्क शेड्युलरला सांगावा लागतो. सोयाबीन-तुरीच्या हंगामात कितीही पट्ट्या फाटल्या तरी साध्या आडत दुकानाला १० जीबी वर्षानुवर्षं पुरतात. फक्त आधार आणि पासबुकाच्या स्कॅन केलेल्या प्रती डेटाबेसात कोंबू नका, त्या फोल्डरमध्ये ठेवा.

आता मुद्दा. नाव अर्धं येणं ही आपल्याकडे किरकोळ गोष्ट नाही. सातबाऱ्यावरची नावं बघा: स्वतःचं नाव, मग 'पि.' लावून वडिलांचं, बाईमाणूस असेल तर 'भ्र.' लावून नवऱ्याचं, मग आडनाव. पत्त्यात मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. वडगाव, पिंपळगाव, हिप्परगा ही नावं दर दोन तालुक्यांआड भेटतात, म्हणून शेवटचा तालुका हाच खरा पत्ता. आणि मजकूर कापला जातो तो नेहमी शेपटाकडून, म्हणजे नेमका तालुका-जिल्हा जातो. पट्टीवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळलं नाही की शेतकऱ्याला खेटे घालावे लागतात. एका दुकानातले मुनीम मला फोनवर म्हणाले होते, "ताई, नाव अर्धंच येलालंय बघा. माणूस पट्टी हातात घेऊन विचारतो, हे माझंच हाय का म्हणून. काय सांगावं त्याला?" त्या माणसाचं वर्षाचं पीक त्या कागदावर असतं.

सगळ्यात बोलकं प्रकरण एका डाळमिलमधलं. त्यांची बिलं इंग्रजीत निघतात आणि सॉफ्टवेअर बरंच जुनं आहे. २०२३ मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झालं आणि उस्मानाबादचं धाराशिव. धाराशिवने काही त्रास दिला नाही, इंग्रजी स्पेलिंगात जुनं नावही नऊ अक्षरांचं आणि नवंही नऊच. औरंगाबाद मात्र दहा अक्षरांचं होतं आणि छत्रपती संभाजीनगर मधल्या स्पेससकट पंचवीस अक्षरांचं. फॉर्मवरचा रकाना पन्नास अक्षरांचा, टेबलातला कॉलमही पन्नासचा. पण बिल साठवणाऱ्या स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये (डेटाबेसातच ठेवलेला छोटा प्रोग्राम) जिल्ह्याचा पॅरामीटर, म्हणजे तिला बाहेरून दिली जाणारी किंमत, व्हारचार(२०) असा लिहिलेला, म्हणजे जास्तीत जास्त वीस अक्षरांचा मजकूर. वीस अक्षरं मोजून पाहा: 'छत्रपती' ची अकरा, एक स्पेस, 'संभाजी' ची आठ. बरोबर वीस. म्हणजे बिलावर छापून येत होतं 'छत्रपती संभाजी', आणि 'नगर' गायब. शब्द मधेच तुटला असता तर पहिल्याच दिवशी कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. इथे उरलेला मजकूर इतका पूर्ण दिसत होता की बिलं जात राहिली. अखेर माल घेणाऱ्याच्या हिशोबनिसाने पत्ता चुकीचा म्हणून बिल परत पाठवलं, तेव्हा कळलं.

या सगळ्यात एररचा एकही संदेश नाही. या उत्पादनाबद्दल माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच, आणि ती जुन्या आवृत्त्यांपासून २०२२ पर्यंत तशीच आहे. प्रोसिजरला दिलेली किंमत पॅरामीटरच्या लांबीपेक्षा मोठी असेल, तर एसक्यूएल सर्व्हर जास्तीचा भाग कापतो आणि पुढे चालू लागतो. प्रोसिजरच्या आतल्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे किंमत तात्पुरती ठेवायच्या जागेत, मोठा मजकूर ठेवला तरी तेच. इशारा नाही, लॉगमध्ये नोंद नाही. टेबलापर्यंत पोचेस्तोवर मजकूर आधीच आखूड झालेला असतो, कॉलममध्ये तो आरामात बसतो आणि 'एक रो साठवली' असं उत्तर येतं. त्यातून एक प्रोसिजर दुसरीला बोलावते, दुसरी तिसरीला, आणि प्रत्येकीत त्याच पत्त्याची लांबी वेगळी लिहिलेली. त्या साखळीत जी लांबी सगळ्यात छोटी, तेवढाच पत्ता शेवटी उरतो.

टेबलाच्या बाबतीत मात्र या उत्पादनाने खरंच सुधारणा केली आहे, आणि त्यासाठी मी जुन्या आवृत्तीवर बसलेल्या प्रत्येकाला २०२२ वर या म्हणून सांगते. कॉलमपेक्षा मोठा मजकूर थेट टेबलात घालायला गेलं, तर पूर्वी ८१५२ क्रमांकाचा एरर यायचा: स्ट्रिंग ऑर बायनरी डेटा वुड बी ट्रंकेटेड, म्हणजे मजकूर कापला जाईल. एवढंच. कोणतं टेबल, कोणता कॉलम, कुणाची नोंद, काही नाही. चाळीस कॉलमच्या शेतकरी टेबलात हंगामात हा एरर आला की एकेक कॉलम हाताने तपासत बसायचं, आणि काउंटरवर रांग. २०१९ पासून त्याजागी २६२८ क्रमांकाचा एरर येतो आणि तो टेबलाचं नाव, कॉलमचं नाव आणि कापून जेवढी उरेल ती किंमत, तिन्ही सांगतो. 'इन टेबल आडत.डीबीओ.शेतकरी, कॉलम पत्ता, ट्रंकेटेड व्हॅल्यू' आणि पुढे प्रत्यक्ष मजकूर. तो मजकूर वाचून मुनीमसुद्धा सांगू शकतात की ही कुणाची पट्टी. २०१६ च्या सर्व्हिस पॅक २ नंतरच्या सहाव्या आणि २०१७ च्या बाराव्या अपडेटपासून हा संदेश तिथेही मिळतो, पण त्यासाठी ट्रेस फ्लॅग ४६० ही सर्व्हरची सेटिंग चालू करावी लागते.

इथे एक गोम आहे, आणि ती माहीत नसल्यामुळे "२०२२ बसवलं तरी जुनाच एरर येतो" असे फोन मला येतात. २०१४ चा बॅकअप २०२२ वर रिस्टोअर केला की इंजिन नवं होतं, पण डेटाबेसची कंपॅटिबिलिटी लेव्हल (कोणत्या आवृत्तीसारखं वागायचं ते सांगणारा आकडा) जुनीच, म्हणजे १२०, राहते. नवा संदेश १५० पासून पुढे मिळतो. अल्टर डेटाबेस हा आदेश वापरून ती १६० करा. आधी बॅकअप घ्या, आणि एका टेस्ट कॉपीवर महिनाअखेरचे मोठे रिपोर्ट चालवून पाहा, कारण लेव्हल बदलली की क्वेरी (डेटाबेसाला विचारलेला प्रश्न) चालवण्याची पद्धत बदलू शकते. या एका ओळीशिवाय अपग्रेडचा अर्धा फायदा पेटीतच राहतो.

मजकूर खरोखर कापला गेलाय की फक्त तसा दिसतोय, हे आधी ठरवा. सोबत वापरायचं मॅनेजमेंट स्टुडिओ हे साधन फुकट आहे आणि मला आवडतं, पण या बाबतीत ते नवख्याला चकवतं. कंट्रोल-टी दाबून निकाल टेक्स्टमध्ये पाहत असाल, तर ते प्रत्येक कॉलमची फक्त पहिली २५६ अक्षरं दाखवतं. ग्रिडमध्ये, म्हणजे कंट्रोल-डी, ही डीफॉल्ट मर्यादा ६५,५३५ आहे. प्रिंट या आदेशाची तर गंमतच वेगळी: युनिकोड मजकूर (ज्यात मराठीसारख्या लिप्या मावतात तो) असेल तर ४,००० अक्षरांनंतर थांबतं, साधा असेल तर ८,००० नंतर. व्हेरिएबलमध्ये सगळं शाबूत असतं आणि समोरचा माणूस प्रोसिजर दुरुस्त करत बसतो. डोळ्यांवर विसंबू नका, डेटालेंग्थ या फंक्शनला विचारा. ते बाइट सांगतं, एनव्हारचार (युनिकोड मजकुराचा प्रकार) असेल तर दोनने भागा. लेन हे फंक्शन शेवटच्या स्पेस मोजत नाही, म्हणून मी ते तपासणीला वापरत नाही.

खरोखर कापला जात असेल, तर पुढचा प्रश्न कुणी कापला. एक्सप्रेससोबत जुना प्रोफायलर मिळत नाही, पण सर्व्हरमध्ये काय घडलं ते टिपून ठेवणारे एक्स्टेंडेड इव्हेंट्स आहेत आणि या कामाला ते छान आहेत. आरपीसी कम्प्लीटेड हा इव्हेंट लावून ठेवायचा आणि काउंटरवरच्या मुलाला एक नोंद करायला सांगायची. प्रोग्रामने प्रोसिजरला जी हाक मारली ती किमतींसकट तिथे दिसते. तिथे पत्ता पूर्ण असेल तर कात्री प्रोसिजरमध्ये. तिथेच अर्धा असेल तर दोष प्रोग्रामचा. डॉट नेटमध्ये पॅरामीटरला साइझ लावायची सोय आहे, आणि ती किंमत कमी लिहिली असेल तर मजकूर सर्व्हरकडे निघण्याआधीच तेवढा होतो. डाळमिलमध्ये प्रोग्रामकडून पंचवीसच्या पंचवीस अक्षरं निघत होती. त्यामुळे कुणाशी वाद घालायचा हा प्रश्न चटकन मिटला.

प्रोसिजर बघायच्या तर एकेक उघडून वाचू नका. सिस.पॅरामीटर्स हे सिस्टिमचं दालन सगळ्या प्रोसिजरांचे पॅरामीटर आणि त्यांची कमाल लांबी दाखवतं, सिस.कॉलम्स टेबलांचं तेच दाखवतं. दोन्ही जोडून, पॅरामीटर कॉलमपेक्षा आखूड कुठे आहे एवढंच काढायचं. ही लांबी बाइटमध्ये असते, म्हणजे एनव्हारचार(५०) समोर १०० दिसतं, आणि मॅक्स असेल तर उणे एक. पॅरामीटरचं आणि कॉलमचं नाव एकसारखं ठेवलेलं असेल तर ही यादी पाच मिनिटांत निघते. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तसं नसतं, तिथे हाताने जुळवावं लागतं.

यादीत एकाच अक्षराच्या लांबीचे, म्हणजे बाइटमध्ये दोन दाखवणारे, पॅरामीटर दिसले तर समजा की कुणीतरी नुसतं एनव्हारचार लिहून कंस सोडून दिलाय. घोषणा करताना कंस नसेल तर एसक्यूएल सर्व्हर लांबी एक धरतो. अशा पॅरामीटरमध्ये 'औसा' पाठवलं तर 'औ' उरतं, आणि 'निलंगा' पाठवलं तर 'नि'सुद्धा उरत नाही, नुसता 'न' उरतो, कारण वेलांटी ही त्याच्या हिशोबात दुसरी खूण. हे निदान लगेच दिसतं. खरा घातक प्रकार कास्ट आणि कन्व्हर्ट या किमतीचा प्रकार बदलणाऱ्या फंक्शनांमध्ये आहे, कारण तिथे कंस सोडला तर लांबी एक नव्हे, तीस धरली जाते. तीस ही लांबी फसवी आहे. बहुतेक नावं तीसमध्ये बसतात, चाचणी करणाऱ्याने स्वतःचं नाव टाकून पाहिलं की काम फत्ते. मग किल्लारीचा शेतकरी येतो. 'मु. पो. किल्लारी ता. औसा जि. लातूर' हा पत्ता चौतीस खुणांचा आहे. तीसनंतर कापला की पट्टीवर येतं: 'मु. पो. किल्लारी ता. औसा जि. ल'.

आणखी एक जागा अशी आहे जिथे लांबी कुठेच लिहिलेली दिसत नाही, म्हणून चांगली माणसंही तिथे अडकतात. आयएसनल. पहिली किंमत रिकामी असेल तर दुसरी घे, असं सांगणारं हे फंक्शन उत्तराचा प्रकार आणि लांबी पहिल्या किमतीकडून घेतं. समजा आखूड पत्त्याचा कॉलम एनव्हारचार(१०) आहे आणि तो रिकामा असेल तर पूर्ण पत्ता छापायचा आहे. आयएसनल वापरलंत तर पूर्ण पत्त्यातलीही दहाच अक्षरं येणार: 'मु. पो. कि'. पॅरामीटर बरोबर, कॉलम बरोबर, रिपोर्टचा रकाना बरोबर, तरी पत्ता तुटका. कोअलेस हे फंक्शन असं करत नाही. जुन्या पट्टीच्या प्रोसिजरांमध्ये मी सगळ्यात आधी आयएसनल हा शब्द शोधते.

मराठीत नोंदी ठेवणाऱ्यांसाठी मोजणीचा भाग नीट सांगायला हवा. 'ज्ञानेश्वर' हे नाव आपल्या डोळ्यांना चार अक्षरांचं दिसतं. संगणकाच्या हिशोबात त्यात दहा खुणा आहेत: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. एनव्हारचार(८) मध्ये हे नाव 'ज्ञानेश्' असं पाय मोडून थांबतं. शब्दाच्या शेवटी लोंबणारा हलन्त दिसला की मी समजते, कापलं गेलंय. इंग्रजी मजकुरात अशी खूण मिळत नाही. २०१९ पासून या उत्पादनात यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीची सोय आली आणि ती जागा वाचवते असं सांगितलं जातं. इंग्रजीसाठी ते खरं आहे. देवनागरीची प्रत्येक खूण मात्र यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खाते आणि एनव्हारचारमध्ये दोनच. शिवाय व्हारचारच्या कंसातला आकडा अक्षरांचा नसून बाइटचा असतो. म्हणजे यूटीएफ-८ लावून व्हारचार(२०) लिहिलं तर दहा खुणांचा 'ज्ञानेश्वर' त्यात मावतच नाही, त्याला तीस बाइट लागतात. मराठी नावांसाठी माझं मत स्पष्ट आहे: एनव्हारचारच ठेवा, आणि प्रोसिजरमध्ये थेट लिहिलेल्या मराठी मजकुराआधी कॅपिटल एन लावायला विसरू नका, नाहीतर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येईल. तो वेगळा रोग आहे, पण फोनवर दोन्हींचं वर्णन "नाव नीट येत नाही" असंच होतं.

क्वेरीच मजकूर म्हणून जोडून चालवणाऱ्या प्रोसिजर पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरमध्ये फार असतात. खातेनिहाय, शाखानिहाय रिपोर्ट, त्यात निवडीप्रमाणे अटी जोडत जायच्या. अटी वाढल्या की एक दिवस 'इनकरेक्ट सिंटॅक्स' येतं. व्हेरिएबल एनव्हारचार(मॅक्स) आहे, मग अडचण कसली? अडचण अशी की जोडले जाणारे तुकडे मॅक्स प्रकारचे नसतील, तर जोडणीचं उत्तरही मॅक्स होत नाही, ८,००० बाइटला कापलं जातं. म्हणजे युनिकोडची ४,००० अक्षरं. व्हेरिएबलमध्ये ठेवण्याआधीच ते घडून गेलेलं असतं. जोडणीच्या अगदी पहिल्या तुकड्याला कास्ट करून एनव्हारचार(मॅक्स) केलं की पुढचं सगळं रांगेने मोठं होतं. तपासायला प्रिंट वापरलंत तर तेही ४,००० लाच थांबतं, आणि दुरुस्त झालेली प्रोसिजरही बिघडलेलीच वाटते. इथे माणसं खरोखर रात्र रात्र घालवतात.

आणि सेट एएनएसआय वॉर्निंग्ज ऑफ. एखाद्या प्रोसिजरमध्ये ही ओळ दिसली तर तिथेच थांबा. ती असेल तर टेबलसुद्धा तक्रार न करता मजकूर कापून घेतं, म्हणजे २६२८ ची सगळी चांगली सोय वाया. एरर बंद करायचा सोपा मार्ग म्हणून कुणीतरी ती घालून गेलेलं असतं. काढून टाका, आणि काढल्यावर जे एरर येतील ते एकेक करून मिटवा.

दुरुस्ती करताना मी एक पद्धत ठरवून घेतली आहे. पॅरामीटरची लांबी कॉलमएवढी न ठेवता त्याच्यापेक्षा ऐसपैस ठेवायची. पत्त्याचा कॉलम १५० चा असेल तर पॅरामीटर ४०० चा. मग मोठा पत्ता आला तर तो प्रोसिजरमधून अखंड टेबलापर्यंत जातो, आणि तिथे २६२८ नावानिशी ओरडतो. नाहीतर प्रोसिजरच्या सुरुवातीलाच लांबी मोजायची आणि थ्रो वापरून मराठीत स्वतःचा संदेश द्यायचा, 'पत्ता १५० अक्षरांत बसवा'. काउंटरवर बसलेल्या मुलाला हा दुसरा मार्ग जास्त सोयीचा. सरसकट सगळं मॅक्स करून टाकायचा सल्ला मी देत नाही, शोधायच्या अटीत असे पॅरामीटर वापरले की क्वेरी रेंगाळायची भीती असते. तसंच कॉलम व्हारचारचा असताना शोधायचा पॅरामीटर एनव्हारचारचा केला, तर इंडेक्स नीट वापरला जात नाही असं होऊ शकतं. लांबी वाढवा, प्रकार कॉलमचाच ठेवा.

ही कात्री आधीच पकडणारं साधन याच कंपनीकडे आहे, फक्त एक्सप्रेसच्या पेटीत नाही. व्हिज्युअल स्टुडिओमध्ये डेटाबेस प्रोजेक्ट करून त्यात आपला डेटाबेस आयात करायचा आणि कोड ॲनालिसिस चालू करायचं. एसआर००१४ हा नियम मोठ्या प्रकारातून छोट्या प्रकारात जाताना माहिती गळू शकते अशा जागा दाखवतो, एसआर०००९ एक-दोन लांबीचे पॅरामीटर दाखवतो. मजकूर म्हणून जोडलेल्या क्वेरींच्या आत तो शिरत नाही, पण बाकीचं बरंच बाहेर काढतो. हीच तपासणी सर्व्हरने स्वतः प्रोसिजर साठवताना केली असती, निदान पिवळा इशारा दिला असता, तर आमच्या भागातल्या कित्येक पट्ट्या नीट छापल्या गेल्या असत्या. ही अपेक्षा जास्त नाही, कारण दुसरे डेटाबेस ती पुरी करतात. ओरॅकलच्या प्रोसिजरमध्ये छोट्या व्हेरिएबलमध्ये मोठा मजकूर घातला की ओआरए-०६५०२ येतो आणि काम तिथेच थांबतं. मायएसक्यूएल ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड मुळातच चालू असतो, त्यात प्रोसिजरच्या व्हेरिएबललाही 'डेटा टू लाँग' म्हणून एरर येतो. त्याचं अनेक ओळींचा मजकूर जोडणारं ग्रुप-कॉन्कॅट हे फंक्शन मात्र मुळात १,०२४ बाइटला कापतं, ते ध्यानात ठेवावं. पोस्टग्रेस फंक्शनच्या पॅरामीटरला लिहिलेली लांबी मानतच नाही, पूर्ण मजकूर आत घेतो आणि टेबलात बसला नाही तर एरर देतो. ही वागणूक मला सगळ्यात पटते. नव्याने सॉफ्टवेअर बनवून घेणार असाल आणि बनवणारा पोस्टग्रेस जाणत असेल, तर त्याला तेच करू द्या.

मग मी एसक्यूएल सर्व्हर का सांगते? कारण आपल्याकडच्या दुकानांत आधीपासून चालणारं सॉफ्टवेअर बहुतेक त्याच्यावरच आहे, आणि चालतं सॉफ्टवेअर टाकून देणं छोट्या आडत्याला परवडत नाही. त्याच्यासाठी २०२२ एक्सप्रेस ही आज चांगली जागा आहे. पाचपैकी साडेतीन. टेबलाच्या एररसाठी पूर्ण गुण, प्रोसिजरमधल्या गप्पपणासाठी दीड वजा, आणि तो दीड मी पुढच्या आवृत्तीतही वजा करीन, जर ते तसंच राहिलं. २०१४ वर अजून बसलेल्यांनी उशीर करू नये, तिची कंपनीकडच्या सपोर्टची मुदत जुलै २०२४ मध्ये संपली. २०१६ ची मुदत जुलै २०२६ पर्यंतचीच. एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार, देताना सॉफ्टवेअरवाल्याकडून दोन गोष्टी लिहून घ्या: कंपॅटिबिलिटी लेव्हल १६० केली आहे, आणि पॅरामीटर-कॉलमच्या लांबीची यादी जुळवून पाहिली आहे. दोन्ही एका दिवसात होणारी कामं आहेत.

राहिला आधीच कापल्या गेलेल्या नोंदींचा प्रश्न. ती अक्षरं टेबलापर्यंत कधी पोचलीच नाहीत, त्यामुळे बॅकअपमधूनही परत येत नाहीत. पण त्या नोंदी ओळखता येतात. नावांची आणि पत्त्यांची लांबी काढा आणि कोणत्या लांबीच्या किती नोंदी आहेत ते मोजा. खऱ्या नावांच्या लांब्या पसरलेल्या असतात, कमी-जास्त, आणि शेवटाकडे विरळ होत जातात. नेमक्या वीसवर किंवा तीसवर एकदम ढीग लागला असेल आणि त्यापुढे एकही नोंद नसेल, तर तो ढीग म्हणजे कापलेली नावं. तेवढीच यादी छापून मुनिमांकडे द्या. त्यांच्याकडे पासबुकांच्या प्रती असतात, शेतकऱ्याचे फोन नंबर असतात, आणि हंगाम नसेल तेव्हा फावला वेळही असतो. आधी प्रोसिजर दुरुस्त करा, मगच नावं भरायला बसवा, नाहीतर पुन्हा टाइप केलेली नावं त्याच वीसवर कापली जातील.